सहा-शून्य : एफए चषकाच्या सर्वांत एकतर्फी अंतिम सामन्याची कहाणी

१८ एप्रिल १९०३ रोजी लंडनच्या दक्षिण भागातील क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर बेरी संघाने डर्बी काउंटीचा ६-० असा धुव्वा उडवला. इंग्लंडच्या एफए चषकाच्या अंतिम सामन्यात इतक्या फरकाने त्याआधी कोणी जिंकले नव्हते, आणि पुढे ११६ वर्षे कोणाला जिंकता आले नाही. २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीने वॉटफर्डला ६-० असेच हरवले, तेव्हाही विक्रम मोडला नाही. त्याला फक्त वाटेकरी मिळाला. आकडे सारखे असले, तरी या दोन सामन्यांच्या एकतर्फीपणाची कारणे अगदी वेगळी आहेत. १९०३ मध्ये दोन तुल्यबळ संघांपैकी एक त्या दुपारी कोलमडला. २०१९ मध्ये मैदानात उतरण्याआधीच दोन्ही संघांत मोठे अंतर होते.

एफए चषक ही जगातली सर्वांत जुनी राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा. जुलै १८७१ मध्ये फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस चार्ल्स अल्कॉक यांनी तिची कल्पना मांडली. हॅरो या शाळेत विद्यार्थी-निवासांच्या संघांमध्ये ‘हरला तो बाद’ या पद्धतीने सामने होत, आणि अल्कॉक त्याच शाळेचे विद्यार्थी होते. पहिल्या स्पर्धेत अवघ्या १५ संघांनी नावे दिली. मार्च १८७२ मध्ये ओव्हलच्या क्रिकेट मैदानावर वाँडरर्सने रॉयल इंजिनिअर्सला १-० असे हरवून पहिला चषक जिंकला. पुढची दहा वर्षे तो बड्या खासगी शाळांचे माजी विद्यार्थी आणि लष्करी अधिकारी यांच्याच हातात राहिला. ही मिरास मोडली ती १८८३ मध्ये. गिरणी कामगारांचा भरणा असलेल्या ब्लॅकबर्न ऑलिम्पिकने ओल्ड इटोनियन्सला जादा वेळेत २-१ असे नमवले आणि चषक उत्तरेकडे गेला. दोन वर्षांनी, १८८५ मध्ये, पैसे घेऊन खेळण्याला अधिकृत मान्यता मिळाली. १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली, आणि खेळाचे केंद्र कापूस, कोळसा व लोखंड यांच्या गावांत कायमचे हलले.

बेरी हे असेच एक गाव. मँचेस्टरच्या उत्तरेला, अर्ध्या दिवसात पायी गाठता येईल इतक्या अंतरावर. लँकेशायरच्या ज्या पट्ट्यातून मुंबईच्या पहिल्या गिरण्यांना यंत्रे आली, त्याच पट्ट्यात ते वसले आहे. धावता धोटा शोधून हातमागाचा वेग वाढवणारा जॉन के जन्मला तो या गावाच्या शेजारी. शतक पालटताना बेरीची वस्ती साठ हजारांच्या आतबाहेर होती आणि गावाचा दिवस गिरणीच्या भोंग्यावर चाले. इंग्लंडमधल्या कारखाना कायद्यांनी कापड गिरण्यांना शनिवारी दुपारी लवकर सुट्टी देणे बंधनकारक केले होते, आणि या सुट्टीतूनच शनिवार दुपारचा फुटबॉल सामना रूढ झाला. गिरणीतून सुटलेला माणूस घरी जेवून मैदानावर पोचू शकत होता, आणि त्याच्या खिशात तिकिटापुरते पैसेही असत. इंग्लिश फुटबॉलच्या इतिहासात कारखाना निरीक्षकाला मिळायला हवे तितके श्रेय क्वचितच दिले जाते.

बेरी फुटबॉल क्लब १८८५ मध्ये दोन चर्चच्या संघांच्या एकत्रीकरणातून उभा राहिला. गिग लेन हे त्याचे मैदान अर्ल ऑफ डर्बी यांच्या जमीनदारीतल्या जागेवर होते. डर्बी गावाच्या संघाला पुढे बेरीने जी धूळ चारली, तिच्याशी या उमरावाचा काही संबंध नाही. हा केवळ नावाचा योगायोग. १८९४ मध्ये क्लबला लीगच्या दुसऱ्या श्रेणीत प्रवेश मिळाला. पहिल्याच हंगामात बेरीने ती श्रेणी जिंकली, निर्णायक लढतीत लिव्हरपूलला १-० असे हरवले आणि पहिली श्रेणी गाठली. तिथे हा संघ १९१२ पर्यंत टिकून होता. १९०० मध्ये तो प्रथमच एफए चषकाच्या अंतिम सामन्यात पोचला आणि साउदॅम्प्टनला ४-० असे हरवून परतला. त्या संघातले रॉस, रिचर्ड्स, वुड, सेगर, लीमिंग आणि प्लांट असे सहा जण १९०३ च्या अंतिम सामन्यातही खेळले. म्हणजे बेरीचा दुसरा विजय हा नवख्या संघाला लागलेला मटका नव्हता.

समोरचा डर्बी काउंटी संघ नावाने त्याहून मोठा होता. मिडलंड रेल्वेचे मुख्यालय आणि ओतकामाचे कारखाने यांच्यामुळे भरभराटीला आलेल्या या शहरात, काउंटी क्रिकेट क्लबच्या पोटातून १८८४ मध्ये तो जन्मला होता. लीगच्या बारा संस्थापक संघांत त्याचा समावेश होता. १८९५ पासून तो ‘बेसबॉल ग्राउंड’ या नावाच्या मैदानावर खेळू लागला. फ्रान्सिस ली या ओतकामाच्या कारखानदाराने अमेरिकेत बेसबॉल पाहून आपल्या कामगारांसाठी तो खेळ आणला होता, म्हणून हे नाव. बेसबॉल काही रुजला नाही, नाव मात्र मैदान असेपर्यंत राहिले. डर्बीचा हुकमी एक्का होता आघाडीवीर स्टीव्ह ब्लूमर. इंग्लंडकडून त्याने २३ सामन्यांत २८ गोल केले, आणि डर्बीसाठी केलेल्या त्याच्या गोलांची संख्या तीनशेच्या वर आहे.

तरीही चषक डर्बीला हुलकावणीच देत राहिला. १८९६ ते १९०४ या नऊ हंगामांत हा संघ सात वेळा उपांत्य फेरीत पोचला. त्यातल्या चार वेळा तिथेच हरला आणि तीन वेळा अंतिम सामन्यात. १८९८ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टने त्याला ३-१ असे, तर १८९९ मध्ये शेफिल्ड युनायटेडने ४-१ असे हरवले. या अपयशामागची एक आख्यायिका डर्बीत घरोघरी सांगितली जाई : बेसबॉल ग्राउंडच्या जागेवर जिप्सींचा तळ होता, त्यांना तिथून उठवले गेले आणि जाताना त्यांनी शाप दिला की हा संघ चषक कधीच जिंकणार नाही.

१९०३ च्या स्पर्धेत बेरीची वाटचाल रटाळ पण अभेद्य होती. पहिल्या फेरीत वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्सवर १-०, मग आदल्या वर्षीचे विजेते शेफिल्ड युनायटेड यांच्यावर १-०, नंतर नॉट्स काउंटीवर १-०. उपांत्य सामन्यात मात्र बलाढ्य ॲस्टन व्हिलाला ३-० असे लोळवले. डर्बीने स्मॉल हीथ, ब्लॅकबर्न रोव्हर्स, स्टोक आणि मिलवॉल यांना हरवले होते, आणि गोलांचा हिशेब पाहता त्यांचा प्रवास अधिक सहज झाला होता. लीगच्या त्या हंगामात बेरी आठवा आणि डर्बी नववा, म्हणजे दोघे गुणतक्त्यात एकमेकांना खेटून. अंतिम सामन्याआधी दोघांपैकी कोणाचे पारडे जड, हे सांगणे अवघड होते.

ही बरोबरी निव्वळ योगायोगाची नव्हती. १९०१ पासून फुटबॉल असोसिएशनने खेळाडूंच्या पगाराला आठवड्याला चार पौंडांची कमाल मर्यादा घातली होती. खेळाडूंच्या दृष्टीने हा उघड अन्याय होता आणि पुढे त्यांच्या संघटनेने त्याविरुद्ध दीर्घकाळ लढा दिला. पण त्याचा एक परिणाम असा की पैशाच्या जोरावर सगळे चांगले खेळाडू एकाच शहरात गोळा करणे सोपे राहिले नाही. साठ हजार वस्तीच्या गिरणीगावाला बर्मिंगहॅम किंवा लिव्हरपूलच्या संघांशी टक्कर देता आली, ती याच व्यवस्थेत.

अंतिम सामन्याची जागाही पाहण्यासारखी होती. १८५१ च्या महाप्रदर्शनासाठी हाइड पार्कमध्ये उभारलेला काचेचा प्रासाद नंतर उचलून सिडनमच्या टेकडीवर आणला गेला होता. त्याच्या बागेतला कारंज्याचा मोठा हौद बुजवून तिथे मैदान तयार केले गेले आणि १८९५ ते १९१४ या काळात चषकाचे अंतिम सामने तिथेच झाले. भोवतालच्या उतारांवर प्रचंड गर्दी मावे, मात्र मागच्यांना खेळापेक्षा पुढच्यांच्या टोप्याच जास्त दिसत. १९०१ मध्ये टॉटनहॅम आणि शेफिल्ड युनायटेड यांच्या लढतीला एक लाख दहा हजारांहून अधिक प्रेक्षक होते. उत्तरेकडून रात्रभर खास आगगाड्या सुटत. वर्षातून एकदा लंडन पाहायची संधी म्हणून कामगार महिनोन्‌महिने पैसे साठवत. १९०३ च्या सामन्याला सुमारे ६३ हजार लोक आले, म्हणजे बेरीच्या साऱ्या वस्तीहूनही थोडे अधिक.

डर्बीची अडचण मैदानात उतरण्याआधीच सुरू झाली होती. ब्लूमर दुखापतीमुळे खेळू शकत नव्हता. गोलरक्षक जॅक फ्रायर पूर्ण तंदुरुस्त नसतानाही त्याला उतरवण्यात आले. विसाव्या मिनिटाच्या सुमारास जॉर्ज रॉसने बेरीचा पहिला गोल केला. मध्यंतराला फलक १-० असाच होता; तोवर हा एक सर्वसाधारण, किंचित कंटाळवाणा अंतिम सामना होता.

उत्तरार्ध सुरू होताच चार्ली सेगर गोलकडे धावला. त्याला अडवायला फ्रायर पुढे आला, दोघे भिडले, चेंडू जाळ्यात गेला आणि फ्रायरचे दुखणे बळावले. तो बाहेर गेला, काही वेळाने परत आला, पण उभे राहणेही जड जात असल्याने पुन्हा बाहेर पडला. त्याच्या जागी चार्ली मॉरिस हा बचावपटू गोलमध्ये उभा राहिला. त्यामुळे गोलमध्ये गोलरक्षक नाही आणि बचावात मॉरिस नाही, असे दुहेरी भगदाड पडले. लीमिंग, वुड आणि प्लांट यांनी काही मिनिटांच्या अंतराने एकेक गोल केला. उत्तरार्धाच्या पहिल्या पंधरा मिनिटांत बेरीने एकूण चार गोल केले आणि फलक ५-० झाला. सामना संपण्याआधी लीमिंगने आपला दुसरा आणि संघाचा सहावा गोल नोंदवला. १९०० मध्ये हाच लीमिंग मधल्या फळीत खेळला होता. तीन वर्षांनी आघाडीवर येऊन त्याने दोन गोल केले. डर्बीला शेवटपर्यंत एकदाही जाळे हलवता आले नाही.

हा सामना आजच्या नियमांनी खेळला गेला असता तर इतका एकतर्फी झाला नसता, असे म्हणायला जागा आहे. त्या काळी बदली खेळाडूची सोय नव्हती. कोणी जायबंदी झाला तर तो लंगडत एखाद्या कडेला उभा राही, नाहीतर संघ दहा जणांत खेळे. इंग्लिश लीगमध्ये बदली खेळाडू आला तो १९६५ च्या हंगामात, आणि एफए चषकाच्या अंतिम सामन्यात प्रत्यक्ष बदल झाला तो १९६८ मध्ये. गोलरक्षकाला खांद्याने रेटणे तेव्हा वैध होते. त्याच्या अंगात वेगळ्या रंगाचा सदराही नसे. तो नियम १९०९ चा. मॉरिस गोलमध्ये गेला तेव्हा त्याला सदरा बदलावा लागला नाही, ही त्यातली एकमेव सोय.

दुसरीकडे, गोल करणे तेव्हा आजच्यापेक्षा कठीण होते. ऑफसाइडच्या जुन्या नियमानुसार आघाडीच्या खेळाडूसमोर प्रतिपक्षाचे तीन खेळाडू असावे लागत. १९२५ मध्ये ही संख्या दोनवर आली आणि गोल झपाट्याने वाढले. बेरीचे सहा गोल जुन्या, कडक नियमातले आहेत, हे विसरून चालत नाही. फ्रायरच्या दुखापतीवर सगळे खापर फोडले तर बेरीच्या बचावफळीवर अन्याय होतो. पाच सामन्यांत १२ गोल करून एकही न स्वीकारता त्यांनी चषक जिंकला. ही कामगिरी त्याआधी १८८९ मध्ये प्रेस्टन नॉर्थ एंडने केली होती. १९०० आणि १९०३ हे दोन अंतिम सामने मिळून बेरीचा हिशेब दहा गोल विरुद्ध शून्य असा राहिला. यापूर्वीचा सर्वांत मोठा फरक पाच गोलांचा होता : १८९० मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्सने शेफिल्डच्या वेन्सडे संघाला ६-१ असे हरवले होते.

त्यानंतर बेरी पुन्हा कधी अंतिम सामन्यात दिसला नाही. १९१२ मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत उतरला, १९२४ मध्ये वर आला, १९२६ मध्ये लीगमध्ये चौथा आला आणि १९२९ नंतर पहिल्या श्रेणीला कायमचा मुकला. कापूस उद्योगाचा उतार आणि क्लबचा उतार एकाच काळात घडले. प्रेक्षक घटले, उत्पन्न घटले, आणि चांगला खेळाडू तयार झाला की विकावा लागू लागला.

डर्बीची प्रतीक्षा ४३ वर्षांनी संपली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पहिल्या स्पर्धेत, १९४६ मध्ये, हा संघ चार्लटन ॲथलेटिकविरुद्ध अंतिम सामन्यात पोचला. सामन्याआधी कर्णधार जॅक निकोलस जिप्सींना भेटून शाप उतरवण्याची विनंती करून आला, असे सांगतात. निर्धारित वेळेत १-१ अशी बरोबरी झाली, आणि हे दोन्ही गोल चार्लटनच्याच बर्ट टर्नरच्या नावावर जमा झाले, एक चुकून स्वतःच्या जाळ्यात आणि दुसरा समोरच्या. शेवटच्या क्षणी डर्बीच्या जॅक स्टॅम्प्सने मारलेला चेंडू गोलकडे जाता जाता फुटला. जादा वेळेत मात्र डर्बीने तीन गोल करून ४-१ असा विजय मिळवला. शापाची गोष्ट रंजक खरी; पण १९०३ च्या पराभवाला जायबंदी गोलरक्षक आणि अनुपस्थित ब्लूमर ही दोन कारणे पुरेशी होती.

बेरीच्या विक्रमाच्या जवळपासही पुढे कोणी फिरकले नाही. अंतिम सामन्याचा ताण, दोन्ही संघांची सावध खेळी, आणि अनेक फेऱ्या पार करून तिथवर पोचलेल्यांची स्वाभाविक ताकद यांमुळे निकाल सहसा एक-दोन गोलांवरच लागत. १९०४ ते २०१८ या काळात फरक चार गोलांच्या पुढे गेला नाही, आणि तिथवरही तो फक्त तीनदा पोचला : १९८३ च्या फेरसामन्यात मँचेस्टर युनायटेडने ब्रायटनला, १९९४ मध्ये त्याच संघाने चेल्सीला आणि २०१५ मध्ये आर्सेनलने ॲस्टन व्हिलाला ४-० असे हरवले. दरम्यान पगाराची मर्यादा १९६१ मध्ये उठली. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली आणि दूरचित्रवाणीच्या पैशाचा मोठा वाटा वरच्या श्रेणीत अडकून राहू लागला. या पैशाच्या पाठोपाठ परदेशी मालक आले.

बेरीने विक्रम केला त्या वसंत ऋतूत मँचेस्टर सिटी हा दुसऱ्या श्रेणीतला संघ होता. तो त्या हंगामात ती श्रेणी जिंकून वर येत होता. २००८ मध्ये अबू धाबीच्या राजघराण्याशी जोडलेल्या गुंतवणूक समूहाने तो विकत घेतला आणि त्याचे रूपच पालटले. १८ मे २०१९ रोजी वेम्बलीवर वॉटफर्डसमोर उभा राहिलेला सिटी ९८ गुण मिळवून नुकताच लीग विजेता ठरला होता. वॉटफर्ड अकरावा होता, ५० गुणांसह. सुरुवातीला रॉबर्तो पेरेराला मिळालेली मोकळी संधी गोलरक्षक एदरसनने वाचवली. वॉटफर्डच्या हाती सामना लागण्याचा तेवढाच एक क्षण. डेव्हिड सिल्व्हाने पहिला गोल केला, गॅब्रिएल जेझुसने दोन, केव्हिन डी ब्रॉयनेने एक आणि रहीम स्टर्लिंगने शेवटचे दोन. डी ब्रॉयने तर बदली खेळाडू म्हणून आला होता. १९०३ मध्ये डर्बीला एका गोलरक्षकाची उणीव भरून काढता आली नाही. इथे सिटीचे प्रशिक्षक पेप गार्डिओला यांच्या राखीव बाकावर जगातल्या उत्तम मध्यरक्षकांपैकी एक बसलेला होता. त्या विजयाने सिटी एकाच हंगामात देशातल्या तिन्ही प्रमुख स्पर्धा जिंकणारा इंग्लंडमधला पहिला पुरुष संघ ठरला. वॉटफर्डचा कोणी जायबंदी झाला नव्हता, कोणाला बाहेर काढले नव्हते, आणि गोलरक्षक अखेरपर्यंत जागेवर होता. तरीही सहा गोल झाले.

विक्रमाला वाटेकरी मिळाला त्याच उन्हाळ्यात मूळ विक्रमवीर संपला. २०१८-१९ च्या हंगामात बेरीने चौथ्या श्रेणीतून वर जाण्याचा हक्क मैदानावर मिळवला होता. पण क्लब कर्जात बुडालेला होता, खेळाडूंचे पगार थकले होते, आणि मालकी एका हातातून दुसऱ्या हातात जाऊनही पैशाची हमी कोणी देऊ शकले नाही. आधी नव्या हंगामाचे सामने एकामागोमाग एक रद्द झाले. २७ ऑगस्ट २०१९ रोजी लीगने बेरीचे सदस्यत्व रद्द केले आणि १२५ वर्षांचा सहवास तुटला. शेवटच्या काही वर्षांत बेरीचे खेळाडू सराव करत होते ते कॅरिंग्टन येथे, मँचेस्टर सिटीने वापरून सोडलेल्या जागेवर. सिटीच्या मैदानापासून गिग लेन फार तर पंधरा किलोमीटरवर आहे.

चाहत्यांनी नव्या नावाने संघ उभा करून शेजारच्या गावात सामने खेळणे सुरू केले. २०२२ मध्ये सरकारी मदत आणि लोकवर्गणी यांच्या आधारे गिग लेन पुन्हा विकत घेण्यात आले. वर्षभराने दोन चाहता-संघटनांचे विलीनीकरण झाले आणि जुने नावही परत मिळाले. २०२३-२४ च्या हंगामापासून बेरी पुन्हा आपल्या मैदानावर खेळू लागला, तो इंग्लिश फुटबॉलच्या नवव्या पायरीवर असलेल्या नॉर्थ वेस्ट काउंटीज लीगमध्ये.